पाटीखालचा दम

खेळाचंही विज्ञान असतं, हे आमच्या घरात कुणाला पटत नव्हतं. १९९८ साली मी रत्नागिरीतल्या एका शाळेत आणि तिला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत होते. नोकरी सांभाळून क्रीडा विज्ञानात एम.फिल. करायचं म्हणून नाव घातलं होतं. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "आमची हल्ली पळण्यावर काहीतरी लिहितेय." त्यावर शेजारीण म्हणायची, "पळण्यावर काय लिहायचंय? कुत्रा मागे लागला की पळतं माणूस." दोघी हसायच्या आणि मी तणतणत आत जायची.

माझे मार्गदर्शक कोल्हापूरचे होते. तरुणपणी तालमीत घुमलेले, कुस्तीत कान चुरगळून घेतलेले, आणि पुढे शिकून प्राध्यापक झालेले. त्यांचा आवाज मोठा आणि हिशेब सरळ होता. "मला 'वाटतं' सांगू नका. मोजा आणि मग बोला." मला ते वाक्य फार आवडलं होतं. लहानपणापासून मी खो-खो खेळत आले होते, आणि कुणाला संघात घ्यायचं हे शिक्षकांच्या मर्जीवर ठरताना बघत आले होते. कुणी ओळखीची म्हणून, कुणी चुणचुणीत दिसते म्हणून. आकड्याला मर्जी नसते, असं मला तेव्हा वाटायचं.

विषय ठरला तो असा : खो-खो खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलींच्या दमाची तुलना. साहित्य फारसं नव्हतं. सुताराकडून एक भक्कम लाकडी बाक करून घेतला. किल्ली दिली की एका तालात टिकटिक करणारं एक छोटं यंत्र सरांनी दिलं. स्टॉपवॉच आणि वजनकाटा शाळेचा. मुलीने त्या टिकटिकीवर पाच मिनिटं बाकावर चढायचं-उतरायचं, मग खाली बसायचं आणि मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. धापा टाकणारं काळीज जितक्या लवकर जाग्यावर येईल तितका दम चांगला. सकाळी साडेसातला, पहिल्या तासाआधी, मी मुलींना व्हरांड्यात बोलवायची. शाळेला दुसरी रिकामी वेळ नव्हती.

अकरावीत एक मुलगी होती. सडपातळ, गप्प, सलवार-कमीज घालून ओढणी कमरेला घट्ट बांधून खेळायची. संध्याकाळच्या सरावात ती खांबाला वळसा घालायची तेव्हा बाकीच्या मुली बघत राहायच्या. पाठलागात समोरचीला वाटायचं आपण निसटलो, आणि तेवढ्यात ही सूर मारून तिला शिवायची. पण बाकावर मात्र ती कमी पडली. तिसऱ्या मिनिटाला पाय जड झाले, ताल चुकला, आणि ती खाली उतरून भिंतीला टेकली. नाडी धडधडत होती ती खाली येईना. आठ दिवसांनी पुन्हा घेतली तर पुन्हा तेच. वहीत तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'प्रयत्न कमी.'

जिल्हा स्पर्धेसाठी बारा जणी निवडायच्या होत्या. त्या वर्षी मी ठरवलं की डोळ्यांवर विसंबायचं नाही, वहीवर विसंबायचं. यादी फळ्यावर लावली. तिचं नाव नव्हतं. मैत्रिणी माझ्याकडे आल्या, "बाई, तिला का नाही घेतलं?" मी त्यांना नाडीचे आकडे दाखवले. ती स्वतः आली नाही. फळ्यापाशी थोडा वेळ उभी राहिली, कमरेची ओढणी सोडून खांद्यावर घेतली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून सरावालाही आली नाही. मी मनात म्हटलं, बघा, जिद्दच नाही. आमचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. त्याचंही मी वहीत काहीतरी कारण शोधून काढलं.

डिसेंबरमध्ये सरांचा फोन आला. "न खेळणाऱ्यांत नुसत्या बसून शिकणाऱ्या पोरी काय घेताय? तुमच्याकडं बंदर हाय न्हवं? कष्ट करणाऱ्या बायका बघा की. त्यांचा एक गट घेऊ."

मिरकरवाड्याच्या बंदरावर मी मासळी आणायला जायची, पण ती बाहेरच्या बाजूला बसणाऱ्या बायकांपर्यंत. आत धक्क्यावर, जिथे ट्रॉलर लागतात आणि मासळी उतरते, तिथे जायचं कारण पडलं नव्हतं. एका रविवारी सकाळी वही आणि स्टॉपवॉच घेऊन गेले. लिलाव पुकारणाऱ्यांचा गलका, बर्फ फोडण्याचा आवाज, पायाखाली खारट चिखल. ट्रॉलरपासून लिलावाच्या जागेपर्यंत आणि तिथून पुढे टेंपोपर्यंत बायकांची रांग चालू होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीतून पाणी निथळून खांद्यावर. मी एका बाजूला जाळ्यांच्या ढिगापाशी उभी राहिले आणि एका बाईला धरून खेपा मोजू लागले. पन्नाशीकडे झुकलेली, बुटकी, रुंद खांद्यांची. तिची पावलं एवढी सारखी पडत होती की मला माझ्या टिकटिकीच्या यंत्राची आठवण झाली.

तिच्या मागून एक सडपातळ बाई चालत होती. तोंडाभोवती ओढणी गुंडाळलेली. वाटेत पाण्याचं एक गटार होतं. बाकीच्या थांबून, बेताने पाय टाकत होत्या. ही मात्र डोक्यावर भरली पाटी असताना कमरेतून अशी वळली आणि पलीकडे गेली, की माझा हात स्टॉपवॉचवर थांबला. तो वळसा मी ओळखत होते. खांबाभोवतीचा.

मी नाव घेऊन हाक मारली. तिने ऐकली, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. पण डोक्यावर पाटी असताना माणूस थांबू शकत नाही. ती पुढे गेली, पाटी उतरवली, आणि परत फिरली तेव्हा माझ्याकडे न बघता दुसऱ्या बाजूने गेली.

थोड्या वेळाने ती बुटकी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुसत होती.

"तुम्ही शालेतल्या खेळाच्या बाई ना?"

"हो."

"माझ्या मुलीला दम नाय म्हणून काढलंत ती तुम्हीच?"

मी वही पाठीमागे धरली. "चाचणीत तिचे आकडे जरा..."

"कधी घेतलीत चाचणी?"

"सकाळी. साडेसातला."

ती बाई हसली. रागाने हसली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखरच गंमत वाटली होती. बाजूच्या बायकांना म्हणाली, "ऐका गो, ही पोरगी पाचपासून सातपर्यंत इथं पाट्या उचलते, घरी जाऊन आंघोळ करते आणि धावत शालेत जाते. मग बाई हिचा दम मोजतात." बायका हसल्या. एक जण म्हणाली, "उरलेला मोजला असेल!" आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

मी तिथून निघायला वळले तेव्हा त्या बाईनेच थांबवलं. तिला धक्क्यावर सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, पुढे मीही म्हणू लागले. ती म्हणाली, "जाऊ नका. शुक्रवारी जुमा, बोटी लागत नायत. शुक्रवारी या तुमचा तो बाक घेऊन. माझा पण मोजा."

शुक्रवारी मी रजा टाकली. रिक्षात बाक कसाबसा बसवला. खालाच्या घरापुढे सारवलेलं छोटं खळं होतं, तिथे तो ठेवला. तिचा नवरा जहाजावर खलाशी होता, वर्षातून एकदा घरी यायचा. घरात ती, मुलगी आणि तिची म्हातारी सासू. आजूबाजूच्या दहा-बारा बायका जमल्या. टिकटिक सुरू झाल्यावर सासूने विचारलं, "ह्या घड्याळाला काटे कसे नायत?" मी समजावलं की हे वेळ दाखवत नाही, नुसता ताल धरतं. "मग वेळ कुणाला विचारायची?" म्हातारी म्हणाली.

खालाने साडीचा काष्टा खोचला आणि अनवाणी बाकावर चढली. चढ, उतर. चढ, उतर. पहिलं मिनिट ती बायकांशी बोलत होती. तिसऱ्या मिनिटाला माझ्या कित्येक खेळाडू मुलींचे ओठ सुकलेले असायचे. खाला शेजारच्या एका तान्ह्या बाळाला टाळ्या वाजवून दाखवत होती. पाच मिनिटं झाली तेव्हा म्हणाली, "झालं? एवढंच?" मी तिला बसवून मनगट धरलं. त्या मनगटावर माझी बोटं पुरत नव्हती. नाडी मिनिटाच्या आत जाग्यावर आली. माझं चुकलं असेल म्हणून मी अर्ध्या तासाने पुन्हा घेतली. तेच.

मग मुलगी. खालाने तिला त्या दिवशी घरीच ठेवलं होतं. ती दाराच्या चौकटीत उभी होती, यायला तयार नव्हती. खाला म्हणाली, "चढ गो. शुक्रवार हाय." ती चढली. माझ्याकडे न बघता, समोरच्या माडाकडे बघत पाच मिनिटं पूर्ण केली. नाडी मोजली तेव्हा माझ्या वहीतल्या सगळ्या मुलींपेक्षा तिचा दम चांगला निघाला, अगदी आमच्या कप्तान मुलीपेक्षाही.

तोच बाक, तीच टिकटिक, तीच मुलगी. मधे फरक होता तो एका सकाळच्या झोपेचा.

बायका गेल्यावर मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

तिने बाक उचलून भिंतीशी लावला. मग म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं."

"का?"

"वर्गात मुली म्हणतात, कुणाच्यातरी अंगाला मासळीचा वास येतोय. मी लिंबाच्या सालीनं हात घासून येते. अम्मी पाट्या उचलते हे त्यांना ठाऊक हाय. मी पण उचलते हे कुणाला ठाऊक नाय."

माझ्या वहीतला 'प्रयत्न कमी' हा शेरा मी त्या दिवशी खोडला. खोडला म्हणजे काय, एक रेघ मारली. खालची अक्षरं वाचता येतच होती.

निघताना खालाने मला चहा दिला आणि विचारलं, "म्हणजे मी चांगली हाय असं तुमचं यंत्र म्हणतं?"

"खूप चांगल्या. खेळाडूंपेक्षा चांगल्या."

"मग मान का दुखते? सकाळी उठलं की ह्या कुशीवर वळता येत नाय. ह्या सगळ्या जणींची दुखते. तुमच्या वहीत मानेचं खानं हाय काय?"

नव्हतं. वय, उंची, वजन, नाडी, शेरा. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग घाला."

एसटीडी बूथवरून मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाडीचं चांगलं झालं. लिहून टाका. पण मान, झोप, मुलीला लाज वाटते, ह्ये सगळं कशाला? ह्ये समाजशास्त्र झालं. आपला विषय खेळ हाय." मी म्हटलं, "सर, पण झोप धरली नाही म्हणून माझे आकडे चुकले." तेवढ्यात बूथवाल्याने मागे माणूस थांबलाय अशी खूण केली आणि मी फोन ठेवला.

जानेवारीत सर कुटुंबाला घेऊन गणपतीपुळ्याला आले. एक सकाळ त्यांनी माझ्यासाठी ठेवली, आणि मी त्यांना मिरकरवाड्याला नेलं. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. धक्क्यावर पाऊल टाकल्याबरोबर बुटांची दशा झाली. त्यांनी खालाला नमस्कार केला आणि आपल्या मोठ्या आवाजात विचारलं, "किती वजन आसंल ह्या पाटीत?"

"उचलून बघा," खाला म्हणाली.

पैलवान माणूस. त्यांनी बाह्या सरसावल्या. दोन बायकांनी पाटी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. ते उभे राहिले, छान राहिले. पण चालायला लागले आणि पाचव्या-सहाव्या पावलाला पाटी एका अंगाला कलू लागली. मान ताठ करायला गेले तर गुडघे हलायला लागले. बर्फाचं गार पाणी कॉलरमधून आत गेलं. आणखी चार पावलं, आणि "धरा, धरा!" बायकांनी पाटी झेलली. कुणी मोठ्याने हसलं नाही, पाहुणे होते. पण एकीने तोंडाला पदर लावला.

सर मान चोळत खालाच्या खेपा बघत उभे राहिले. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "बघा, तिची मान जाग्यावरनं हालत न्हाई. सगळं कमरंनं घेतीया. ह्ये ताकदीचं न्हाई, ह्ये तंत्र हाय." खाला परत आली तेव्हा विचारलं, "ह्ये तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईनं. पैली रिकामी पाटी द्यायची. ती डोक्यावर घेऊन अंगणात फिरायचं. मग त्यात वाळू. थोडी थोडी वाढवायची. मग ओली वाळू. भरली मासळी मिळायला दोन वर्षं लागली."

सरांनी माझ्याकडे बघितलं. भार हळूहळू वाढवत न्यायचा, हा धडा त्यांनी मला फळ्यावर आकृत्या काढून शिकवला होता. त्यांनी खालाला पुढचं विचारलं, "आणि विश्रांती? शुक्रवारी?"

"शुक्रवारी विश्रांती," खाला म्हणाली. "धुणं, सासूची आंघोळ, पाट्या घासून वाळवायच्या, फाटकं शिवायचं. बाकी विश्रांतीच."

आता मात्र बायका मोकळेपणाने हसल्या. सर हसले नाहीत.

परत येताना रिक्षात ते रुमालाने बुटांवरचा चिखल पुसत होते. मारुती मंदिराच्या चढावर अचानक म्हणाले, "आमच्या तालमीत जोर-बैठका झाल्या की उस्ताद झोपायला लावायचं. दुपारी दोन तास झोपायचं म्हंजे झोपायचं. उठलं की दूध. अंग त्या झोपंत भरतं, पोरी. भार टाकून नुसतं झिजतं." पुढे म्हणाले, "मी झोपायचो तवा आमची आई म्हशीचं शेण काढायची, वैरण आणायची, दूध काढायची. तिला कुणी झोप म्हणालं न्हाई. मीबी न्हाई. माझं नाव झालं पैलवान म्हणून." आणि मग एकदम मास्तरांच्या आवाजात, "मानेचं खानं घाला वहीत. आणि झोपंचंबी. किती वाजता उठती, किती वाजता पाठ टेकती, सगळं."

त्यानंतर मी वर्षभर शुक्रवारी मिरकरवाड्याला जात होते. मी शिकलेले मानेचे व्यायाम बायकांना दाखवले. दोन शुक्रवार त्यांनी माझं मन राखायला केले. तिसऱ्या शुक्रवारी खाला म्हणाली, "बाय, दिवसभर मानच चालवतो आम्ही. तिला आणखी कशाला चालवायची? दुखतं ते चालताना नाय. उचलताना आणि ठेवताना. दुसरी बाई हाताशी नसली की एकटीनं झुकून ठेवायची, तेव्हा इथं कट्कन होतं." तिने मानेच्या मागे बोट ठेवलं. "मधे कुठं खांद्याएवढा ओटा असता तर नुसतं सरकवलं असतं. जरा दम घेतला असता आणि पुन्हा घेतली असती."

मी पुस्तकं वाचून जे शोधत होते ते ती उभ्या उभ्या सांगत होती. एका बोटमालकाचं घर बांधून होत होतं, त्याचे थोडे चिरे उरले होते. खालानेच त्याला गाठलं. तो आधी म्हणाला वाटेत अडचण होईल, मग त्याच्या आईने त्याला काही सुनावलं असावं, कारण दोन दिवसांनी चिरे आले. ओट्याची उंची मी ठरवली. बायकांचे खांदे टेपने मोजले आणि मधली उंची काढली. माझ्या सगळ्या अभ्यासात इतक्या सरळ उपयोगाला आलेलं ते एकच मोजमाप. उंच बायकांना तो जरा बुटका पडायचा, त्या कुरकुर करायच्या. पण वापरायच्या. तीन-चार वर्षांनी धक्का रुंद करताना तो काढून टाकला, तोवर मासळी प्लॅस्टिकच्या क्रेटमधून आणि हातगाड्यांवरून जाऊ लागली होती.

प्रबंध झाला. मानेचं आणि झोपेचं प्रकरण शेवटी परिशिष्टात गेलं, सरांना त्याहून पुढे नेता आलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक होते. त्यांनी तेवढीच पानं उघडून विचारलं, "यात खेळ कुठे आहे?" मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगितली. शाळेतल्या सकाळचे आकडे आणि शुक्रवारचे आकडे. ती गोष्ट माझ्या चुकीची होती. म्हटलं, "सर, मैदानावर येण्याआधी ही मुलगी कुठून आली हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मला खेळही दिसला नाही." त्यांनी ती पानं मिटली. पदवी मिळाली.

त्या मुलीला पुन्हा सरावाला आणणं सोपं गेलं नाही. पहिल्यांदा तिने नाही म्हटलं. दुसऱ्यांदा खाला म्हणाली, "तिच्यावर हाय." मी चाचण्या सकाळच्या काढून संध्याकाळी, सरावाच्या वेळेला ठेवल्या. आठवड्यातले दोन दिवस खालाने तिला धक्क्यावरून सूट दिली आणि त्या खेपा स्वतः वाढवून घेतल्या. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बारावीत ती संघात होती. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात तिने तिघींना बाद केलं, आम्ही जिंकलो, आणि तिची विभागासाठी निवड झाली. सामना बघायला खाला आली होती. मैदानाच्या कडेला उभी. आजूबाजूच्या मुलींना ती कोण, हे कळलं, कारण सामना संपल्यावर मुलगी धावत सरळ तिच्याकडे गेली आणि सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात पडली. त्या दिवशी तिच्या हातांना कसला वास येतोय याची तिला पर्वा नव्हती.

बारावीनंतर खेळ सुटला. तिने मुंबईला परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि तिथेच एका इस्पितळात लागली. मी वाईट वाटून घेतलं, आणखी खेळली असती तर वगैरे. तिला नाही वाटलं. फोनवर म्हणाली, "बाई, इथं आठ तासांची पाळी असते. पाळी संपली की संपली!" ती हे ज्या नवलाने म्हणाली ते नवल मला कुणा विजेत्याच्या आवाजातही ऐकू आलं नव्हतं.

खालाच्या उजव्या हाताला २००३च्या सुमाराला मुंग्या येऊ लागल्या. आधी ती म्हणाली बर्फामुळे. मग एकदा हातातून कप पडला. मुलगी मुंबईहून आली, आईला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मानेचे मणके झिजले होते. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर आता काहीही घ्यायचं नाही, आणि रोज थोडं चालायचं. खालाने मुलीकरवी मला निरोप पाठवला, "तुझ्या बाईंना विचार, चालायचं म्हणजे कसं?"

मी एका शुक्रवारी गेले. मुलगी सुट्टीवर होतीच. आम्ही तिघी पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावर गेलो. सकाळची वेळ, ओहोटी, वाळू घट्ट. मी म्हटलं, "चला खाला, घाई नाही."

खाला चालू लागली आणि दहा पावलांवर थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. तिची मान ताठ होती, नजर समोर, पावलं मोजून मापून. आणि उजवा हात आपोआप वर जात होता, डोक्याकडे, मग काहीच न सापडून खाली येत होता. ती थोडी लाजली.

"बाय, डोक्यावर काय नसलं की हात कुठं ठेवायचे?"

मी इतकी वर्षं मुलींना धावताना हात कसे ठेवायचे ते शिकवत होते. कोपरात वाकवा, कमरेजवळून मागे-पुढे. पण तिला मी तसं काही सांगितलं नाही. सांगता आलं नाही. मुलगी पुढे झाली, तिने आईचा तो हात आपल्या हातात घेतला आणि दोघी चालू लागल्या. खालाची पावलं मुलीच्या पावलांपेक्षा लहान होती. थोड्या अंतरावर मुलीने आपली पावलं लहान केली.

मी मागे राहिले. खिशात स्टॉपवॉच होतं, पण मी ते काढलं नाही. त्या किती चालल्या, किती वेळात चालल्या, मला ठाऊक नाही. खडकांपर्यंत जाऊन त्या बसल्या, आणि खालाने मला हात करून बोलावलं, कारण तिच्याकडे डब्यात आंबोळ्या होत्या आणि तिला भूक लागली होती.